कम म्हणजे कमी नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी गड्डी आहे, पण पत्त्यांची नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तोच संशय घेतो. माझ्यात राजा नाही, राणी नाही, बदाम नाही, चौकट नाही. माझ्या प्रत्येक पानाच्या एका बाजूला एक लॅटिन शब्द आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मराठी अर्थ. अशी शहाण्णव पाने आणि त्यांच्याभोवती एक सुतळी, एवढाच माझा देह. संशय मला नवा नाही. लोकांनी माझ्यावर घेतला, मीही लोकांवर घेतला. त्यातला एक संशय फार चुकीचा होता. तो कसा, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कन्नड तालुक्यातल्या पिशोर गावी, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तिथले डॉक्टर निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेले होते. ते रोग्याला तपासत, एक चिठ्ठी लिहीत आणि खिडकीतून मागच्या खोलीत सरकवत. तिथे कंपाउंडर बसे. तो चिठ्ठी वाचून औषध कालवी, बाटलीत भरी, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी आणि औषध कसे घ्यायचे ते रोग्याला समजावून सांगे. कशाच्या आधी, कशाच्या नंतर, कशाबरोबर, कशाशिवाय, हे सगळे चिठ्ठीत लॅटिनमध्ये असे. इतर डॉक्टर ते एकेका अक्षरात उरकत. हे मात्र पूर्ण शब्द लिहीत. अर्धे लिहिलेले औषध अर्धेच लागू पडते, असे ते म्हणत.

त्या खोलीत बन्सी कामाला लागला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि मॅट्रिक झालेला होता. त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि मुलाला एकच सांगितले होते, की जे शिकायला मिळेल ते शीक. पोथीची भाषा त्यांच्या घरापर्यंत कधी येऊ दिली गेली नव्हती. ही लॅटिन भाषा मात्र गावात कुणाच्याच घरची नव्हती, म्हणून तिच्या दारावर कुणी राखण करत बसले नव्हते. बन्सीने टॉनिकच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, कडा घासल्या, दौत-टाक घेतला आणि चिठ्ठ्यांमधला एकेक शब्द माझ्यावर उतरवायला सुरुवात केली.

आता या भाषेची एक खोड सांगते. मराठीत आपण 'दुधाबरोबर' म्हणतो. दूध आधी येते, 'बरोबर' मागून येते. लॅटिनमध्ये 'बरोबर' आधी येतो आणि तो कुणाबरोबर हे मागून कळते. 'नंतर' आधी येतो आणि कशानंतर ते मागून कळते. त्यामुळे वाचणाऱ्याला क्षणभर संशयात थांबावे लागते. बन्सीला हे थांबणे आवडे. तो एक पान उचली, डोळे मिटी आणि पुढचे नाव आठवेपर्यंत ओठ हलवत राही.

दुसरी खोड याहून वाईट. ही भाषा दिसायला परकी आणि ऐकायला ओळखीची. 'पोस्ट' म्हणजे टपाल नव्हे, नंतर. 'सिने' म्हणजे सिनेमा नव्हे, शिवाय. 'सब' म्हणजे सगळे नव्हे, खाली. 'अब' म्हणजे आता नव्हे, पासून. 'ओस' म्हणजे तोंड. 'कोर' म्हणजे भाकरीची कोर नव्हे, काळीज. आणि 'मानुस' म्हणजे चक्क हात. दवाखान्यातले थोरले कंपाउंडर चाँदभाई मोठ्याने चिठ्ठी वाचत आणि वाचता वाचता हसत. ते म्हणत, की हे शब्द आपल्याच बाजारातून चोरून नेलेले आहेत, फक्त अर्थ बदलून विकायला आणलेत.

या ओळखीच्या आवाजानेच घात केला. एके दिवशी चाँदभाईंनी चिठ्ठी वाचली, 'कम लॅक्टे'. 'लॅक्टे' म्हणजे दूध हे बन्सीला पाठ होते. 'कम' तर त्या भागात शेंबड्या पोरालाही कळतो. कम म्हणजे कमी. बन्सीने कुणाला विचारले नाही. माझे एक नवे पान घेतले, एका बाजूला 'कम' लिहिले, दुसऱ्या बाजूला 'कमी' लिहिले, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या बाईला सांगितले की पुड्या रोज घ्या आणि दूध कमी करा.

ती बाई म्हणजे दगडाबाई. नुकतीच बाळंत झालेली. महिन्याभराने सासूच्या खांद्यावर हात टाकून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती डॉक्टरांच्या समोर बसली आणि खिडकीकडे बोट करून म्हणाली, "ह्या कंपोंडरनं माझं दूध तोडलं. दावणीला दोन म्हशी हायेत अन् मी महिनाभर कोरा चहा पितीये."

डॉक्टरांनी बन्सीला ते पान आणायला सांगितले. पानाची मागची बाजू वाचून त्यांनी ते टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "बन्सी, हा शब्द तुला ठाऊक आहे असं तुला वाटलं, म्हणून तू विचारलं नाहीस. ठाऊक नसता तर विचारलं असतंस."

'कम' म्हणजे बरोबर. दुधाबरोबर पुडी घ्यायची होती. डॉक्टरांनी ते पान फेकून नवे करायला सांगितले. पण पुठ्ठा वाया घालवायचा नाही, हे बन्सीच्या अंगात भिनलेले होते. त्याने डोसाच्या पट्टीचा एक तुकडा कापला, त्यावर 'बरोबर' असे लिहिले आणि गव्हाच्या खळीने तो 'कमी'वर चिकटवून टाकला. दगडाबाई दूध पिऊन महिन्या-दोन महिन्यांत सावरली. बन्सीने पुन्हा कधी न विचारता शब्द लिहिला नाही. माझ्या अंगात मात्र एक झाकलेली चूक राहून गेली.

पुढे बन्सीचे लग्न झाले. त्याची बायको पारूबाई हिला उशाखालची गड्डी पहिल्याच आठवड्यात सापडली आणि आपल्या पदरी जुगारी पडला, असे तिने माहेरी कळवले. तिचा भाऊ तंबी द्यायला आला. त्याने मला उलटसुलट करून पाहिले, एकही एक्का मिळाला नाही, आणि जेवून परत गेला. पारूबाईचा संशय पूर्ण फिटायला वर्ष लागले. मग ती स्वतःच भाकरी थापताना एकेक पान विचारू लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण बन्सीने अर्थाच्या बाजूला तिच्यासाठी काढलेली खूण पाहून तिने पंधरा-वीस शब्द पाठ केले होते. मला वाटते, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षे होती.

डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. बन्सी कुटुंब घेऊन बजाजनगरला आला आणि कामगारांच्या एका दवाखान्यात लागला. तिथे औषधे आयती पाकिटात येत. कालवायचे काही नव्हते, वाचायचे काही नव्हते. पानावर पान चिकटून मी एका पत्र्याच्या डब्यात पडून राहिले. मुलगी सरिता आणि मुलगा बुद्धभूषण यांनी लहानपणी मला दोनदा-तीनदा खेळायला घेतले आणि डाव लागत नाही म्हणून सोडून दिले.

आता अलीकडचे सांगते. ते सांगायलाच मी बोलू लागले आहे.

पारूबाई गेली. बुद्धभूषण पुण्यात स्थिरावला. सरिता शहरातल्या एका वाचनालयात काम करते. तिने लग्न केले नाही. त्याचे कारण तिने मला सांगितले नाही आणि मी विचारू शकत नाही. ती वडिलांजवळ बजाजनगरला राहते. चार वर्षांपूर्वी बन्सीचे विसरणे सुरू झाले. आधी चष्मा, मग वार, मग गल्ली. विसरलेली वस्तू कुणीतरी नेली आहे, असे त्याला वाटू लागले. ज्या दिवशी त्याला माझी आठवण झाली त्या दिवशी त्याने डबा उघडून मला टेबलावर घेतले आणि तेव्हापासून तो रोज सकाळी माझी पाने मोजू लागला.

दिवसा त्याच्याजवळ कडूबाई असे. ती बिडकीनहून रिक्षाने येई. बन्सी तिच्यावर रोज नवा आळ घेई. चमचा नेला, नाडी नेली, डाळ नेली. कडूबाई मनाला लावून घेत नसे. एकदा त्याने तिला पान चोरल्याबद्दल दटावले तेव्हा ती फडके पिळत म्हणाली, "बाबा, तुमचे पत्ते घिऊन मी काय करू? मला तर रमी बी येत नाय."

पण मित्रांनो, त्या वेळी पाने खरोखरच कमी भरत होती. शहाण्णवऐवजी शहाऐंशी. आणि ती कोण नेत होते, हे मला माहीत होते. सरिता नेत होती. रोज पहाटे, वडील उठायच्या आत, ती माझी दहा पाने काढून पर्समध्ये टाके आणि कामाला जाताना घेऊन जाई. संध्याकाळी ती परत ठेवी, दुसऱ्या दिवशी दुसरी दहा नेई. आपल्याच लेकीने चोरून न्यावे, हे मला फार लागले. बन्सी म्हणे, "ही पोरगी माझं काहीतरी नेते." मी मनात म्हणे, खरे आहे. आम्ही दोघे, एक म्हातारा आणि एक गड्डी, तिच्याकडे सारख्याच नजरेने पाहत होतो.

ती असे का करत होती, हे समजायला मला वेळ लागला.

बन्सीच्या काळजाचे ठोके अनियमित झाले होते. गोळ्या चुकल्या तर काही खरे नाही, असे नव्या डॉक्टरांनी सांगितले होते. पण बन्सी सरिताच्या हातून गोळी घेईना. तो विचारी, "चिठ्ठी कुठंय?" तिने डॉक्टरांचा छापील कागद दाखवला. त्याने तो बाजूला सारला. तिने मराठीत लिहून दाखवले. तो म्हणाला, "डॉक्टर असं लिहीत नसतात. हे तू लिहिलंस." आणि ते खरे होते.

बुद्धभूषण दर दोन दिवसांनी फोन करी. सुरुवातीला तो औषध दिलेस का, असे विचारी. मग तो, खरंच दिलेस का, असे विचारू लागला. पुण्यात वृद्धांची एक संस्था त्याने पाहून ठेवली होती. तिथे गोळ्या घ्यायला लावतात, घरी लाड होतात, असे त्याचे म्हणणे होते. सरिताने एकदाच उत्तर दिले की, बाबांना अनोळखी भिंतीत नेलेस तर ते आठ दिवस टिकणार नाहीत. त्यावर त्याने तिला महिनाभराची मुदत दिली. तेवढ्यात बाबा तिच्या हातून औषध घेऊ लागले तर ठीक, नाहीतर तो येऊन घेऊन जाणार होता.

म्हणून ती लॅटिन शिकत होती. बजाजनगरहून शहरात जाणाऱ्या बसमध्ये, नगर नाक्याच्या सिग्नलला, मांडीवर पर्स ठेवून ती माझी दहा पाने उलटत असे. वाचनालयाच्या तळघरातून तिने लॅटिनचे एक जुने व्याकरणही शोधून काढले होते. नाव कोणत्या शब्दामागे येते त्याप्रमाणे त्याचा शेवट बदलतो, 'लॅक'चे 'लॅक्टे' होते, हे ती त्यातून शिकली. परत आल्यावर ती कडूबाईला स्वयंपाकघरात तेच शब्द म्हणून दाखवी. 'मानुस' म्हणजे हात हे ऐकून कडूबाई म्हणाली, "बरं हाय. घरात मानसाचं तेवढंच कामाला येतं."

एका सकाळी सरिताने चहाच्या कपाखाली एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर लिहिले होते, 'पोस्ट सिबम', जेवणानंतर. बन्सीने ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, दूर धरली. मग त्याने नाश्ता केला, हात धुतले आणि तळहात पुढे केला. सरिताने त्यावर गोळी ठेवली. ती त्याने गिळली. दुसऱ्या दिवशी 'अँटे सिबम', जेवणाआधी. तेही त्याने घेतले. तीन आठवडे असे गेले. बन्सीच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. मला आता तिची चोरी कळली होती. तरी आळ मागे घ्यायला मी तयार नव्हते. संशयाला एकदा घर मिळाले की ते सोडवत नाही.

मग डॉक्टरांनी एक गोळी बदलली. नवी गोळी पोटाला जड जाते, दुधाबरोबरच द्या, असे सांगितले. सरिताने व्याकरण उघडून खात्री केली आणि सुरेख अक्षरात लिहिले, 'कम लॅक्टे'.

बन्सीने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. तिची चार घड्यांची पुडी करून त्याने ती बंडीच्या खिशात ठेवली आणि दुधाचा पेला हाताच्या मागच्या बाजूने ढकलून दिला. त्या दिवशी त्याने गोळी घेतली नाही, जेवलाही नाही. संध्याकाळी फोनवर तो मुलाला हळूच म्हणाला, "ही माझं दूध तोडते. लेखी आहे माझ्याजवळ."

बुद्धभूषणने सरिताला फोन द्यायला सांगितला. "आक्का, ते काय म्हणताहेत?"

"ते चुकीचं समजलेत, भूषण."

"मग नीट समजाव ना. लेखी काय आहे त्यांच्याजवळ?"

तिने सांगितले. तो म्हणाला की हे असले काहीतरी परकी भाषेत लिहून तू आजारी माणसावर प्रयोग करतेस, हे मला ठाऊक नव्हते. रविवारी गाडी घेऊन येतो, त्यांची बॅग भरून ठेव.

तो बुधवार होता.

त्या रात्रभर आणि पुढचा सगळा दिवस सरिता स्वतःवर संशय घेत राहिली. शेवट चुकला का, शब्द चुकला का, अक्षर वाचता आले नाही का. तिने तीच चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहिली. बन्सीने ती पहिलीच्या शेजारी खिशात ठेवली. मग ती माझ्यावर संशय घेऊ लागली. गुरुवारी सुट्टी घेऊन तिने माझी शहाण्णवच्या शहाण्णव पाने व्याकरणाशी ताडून पाहिली. सगळी बरोबर निघाली. 'कम' च्या पानावर तर 'बरोबर' असेच लिहिलेले होते. ती ते पान बघत बसली, आणि मी, जिला खरे काय ते माहीत होते, मी पुठ्ठ्याची असल्यामुळे गप्प राहिले. गप्प राहणाऱ्याला लोक शहाणे समजतात. मला त्या दिवशी माझी लाज वाटली.

शुक्रवारी कडूबाईने टेबल पुसले. पाने मांडलेलीच होती. तिच्या ओल्या फडक्याचा कोपरा त्या पानावर दोन मिनिटे राहिला आणि पन्नास वर्षांपूर्वीची खळ सुटली. पट्टी फडक्याला चिकटून वर आली. कडूबाई घाबरली. बाबांना कळले तर आज चोरीबरोबर फाडाफाडीचाही आळ येणार, असे तिला वाटले. पट्टी परत बसवायला ती वाकली आणि थांबली. कडूबाई सातवीपर्यंत शिकलेली होती.

"ताई, हिकडं या जरा," तिने हाक मारली. "वर लिवलंय बरोबर, अन् खाली लिवलंय कमी. आता ह्यातलं बरोबर कोनतं म्हनायचं?"

सरिता आली. तिने पान उचलून खिडकीजवळ नेले. खालचे अक्षर वरच्यापेक्षा कोवळे होते, पण हात तोच होता. मग ते पान घेऊन वडिलांसमोर बसली आणि त्याची लॅटिन बाजू त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, हे काय?"

"कम," बन्सी चटकन म्हणाला. शाळेत हात वर करून सांगावे तसे. "कमी."

तिने सुटलेली पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती वाचली. "काय बरोबर?" असे त्याने विचारले आणि पट्टी तिला परत दिली. ती कुठल्या पानावरची, हे त्याच्या गावीही नव्हते. दगडाबाई त्याच्या मनातून गेली होती, डॉक्टर रागावले नव्हते ते बोलणे गेले होते, खळ लावलेला दिवस गेला होता. उरला होता तो त्याआधीचा बन्सी, नवा, एकवीस वर्षांचा, ज्याला कम म्हणजे कमी हे पक्के ठाऊक होते.

मित्रांनो, सरिता बरोबर होती. तिच्याजवळ व्याकरण होते, पान होते, पुरावा होता. ती त्याला समजावू शकली असती, चिडू शकली असती, भावाला फोन करून चूक कुणाची ते सांगू शकली असती. तिने यातले काही केले नाही. तिने डॉक्टरांना फोन करून विचारले, की गोळी कुटून दुधात घातली तर चालेल का. ते चालेल म्हणाले. मग तिने माझ्यातून दुसरे पान शोधले. 'इन'. म्हणजे 'मध्ये'. या शब्दाबद्दल कुणाचीच कधी चूक झाली नव्हती. शनिवारी सकाळी दुधाच्या पेल्याशेजारी चिठ्ठी होती, 'इन लॅक्टे'.

बन्सीने ती वाचली. खिशातल्या दोन्ही चिठ्ठ्या काढून तिन्ही शेजारी शेजारी लावल्या. मग त्याने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत मला पिशोरच्या खोलीतला जुना कंपाउंडर दिसला.

"आता नीट लिहिलंस. दुधात," तो म्हणाला. "पहिल्यांदा चुकली होतीस तू."

"हो, चुकले होते," सरिता म्हणाली.

"विचारत जा. ठाऊक आहे असं वाटलं तरी विचारत जा."

"विचारीन."

त्याने पेला दोन्ही हातांनी धरून पूर्ण रिकामा केला. कडूबाई दारात उभी होती. ती पदराने डोळे पुसत आत गेली आणि उगाचच भांडी घासू लागली.

रविवारी बुद्धभूषण आला. त्याने बाहेर गाडी लावली, आत येऊन वडिलांना वाकून नमस्कार केला. बन्सीने त्याला ओळखले नाही. तपासणीला आलेला कुणी सरकारी माणूस असावा असे समजून तो सावरून बसला. सरिता आत गेली आणि दूध आणि चिठ्ठी घेऊन आली. बन्सीने चिठ्ठी वाचली, पेला घेतला आणि पिऊन झाल्यावर ओठ पुसले. बुद्धभूषण बघत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्या थकलेल्या तोंडाकडे पाहिले, आणि काहीतरी विचारायला तोंड उघडले. त्याआधीच बन्सी त्याच्याकडे झुकून, तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "साहेब, हिच्यावर संशय घेऊ नका. नवी आहे. पण लई मन लावून शिकते."

भरलेली बॅग सरिताने दारामागे ठेवली होती. बुद्धभूषणने ती उघडली, त्यातले कपडे काढून कपाटात घड्या घालून ठेवले आणि संध्याकाळी एकटाच पुण्याला गेला. जाताना तो बहिणीला फक्त एवढेच म्हणाला, की आक्का, ते पान मला दाखव. तिने दाखवले. त्याने ते बराच वेळ हातात धरले.

त्यानंतर बन्सी सात महिने जगला. या सात महिन्यांत तो आणखी पुष्कळ विसरला. कडूबाईचे नाव विसरला, पारूबाई गेलेली आहे हे विसरला. चिठ्ठी मात्र त्याने रोज वाचली आणि औषध रोज सरिताच्या हातून घेतले. मध्येच तो तिला शिकवी. एखादे पान उचलून विचारी आणि ती मुद्दाम अडखळली की त्याला फार आनंद होई. एका सकाळी, आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर तो शांतपणे गेला. बुद्ध विहारातली माणसे आली, त्रिशरण-पंचशील झाले.

मित्रांनो, मी त्या घरातच आहे. त्याच्यामागे तीन सकाळी सरिताने सवयीने चिठ्ठी लिहिली. पहिल्या दिवशी लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी लिहिता लिहिता लक्षात आले. तिसऱ्या दिवशी ती लक्षात असूनही लिहीत होती. चौथ्या दिवशी तिने पेनाचे टोपण लावून ठेवले आणि चहा घेतला.

आता माझे मागणे सांगते. तुमच्या घरातही एखादे म्हातारे माणूस असेल. एखाद्या दिवशी ते तुमच्यावर आळ घेईल. माझी वस्तू नेली म्हणेल, माझे जेवण तोडले म्हणेल. तुम्हाला राग येईल, कारण तुम्ही खरे असाल. तेव्हा लगेच पुरावा पुढे करू नका. आधी हे विचारा, की तो शब्द ते कुठे शिकले, कुणाकडून शिकले, आणि तेव्हा ते किती वर्षांचे होते. आणि माझ्यासारख्या जुन्या गड्ड्या, वह्या, पुस्तके कुठे सापडली तर ती जपून वाचा, पण डोळे मिटून मानू नका. प्रत्येक पान खिडकीजवळ नेऊन पाहा. आम्हा कागदांना फार चुका झाकता येतात आणि त्या आम्ही वर्षानुवर्षे कुणाला सांगत नाही. संशय घ्यायचाच असेल तर तो आमच्यावर घ्या. औषधाचा पेला घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसावर घेऊ नका.